एकोणचाळिसावं पान

पान तुम्ही काढलंत. उंदरांनी नाही, वाळवीनं नाही, छापखान्यात डुलक्या काढणाऱ्या कुणा गड्यानंही नाही. अहवालात अडतिसावं पान संपतं आणि उलटलं की चाळीस आकडा येतो, तो काही आपल्या पायांनी चालत आलेला नाही. तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण नावं बदलतात, खुर्ची तीच राहते. आणि खुर्चीला विचारलं की ती म्हणते, मी तेव्हा नव्हते. बरं, तुम्ही नव्हता. इंदुबाई होती.

इंदुबाई पेणच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली. माहेर मिठागरावर, सासर मिठागरावर. सातवी पास. सन एक्याण्णवला खारेपाटातल्या पाच गावांत मिळून सातवी पास बाई शोधायची म्हणजे खाडीत गोडं पाणी शोधण्यातला प्रकार होता. म्हणून शरीफ डॉक्टरांनी तिला कामाला घेतलं, हातात कार्डांचा गठ्ठा दिला आणि निळ्या शाईचं पेन दिलं.

शरीफ डॉक्टर रोह्याचे. कुंडलिकेच्या काठी वाढलेले. भाऊ सगळे आखातात गेले, हे एकटे विलायतेला शिकायला गेले आणि परत आले, तेव्हा रोह्यात लोकांनी त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असंच धरलं. स्टेशनच्या रस्त्याला दोन खोल्यांत त्यांनी संशोधन केंद्र काढलं. साखरेच्या आजाराचं. त्यांना एकच गोष्ट छळत होती. खारेपाटातली माणसं उन्हानं वाळलेली, पाठीला पोट लागलेली, गोडधोड तोंडात पडणार ते सणालाच. मग यांना चाळिशीच्या आत मधुमेह होतो कसा? तेव्हाची पुस्तकं सांगत होती की हा खाऊन सुटलेल्यांचा आजार. डॉक्टर म्हणत, पुस्तक चुकलंय, माणसं चुकलेली नाहीत.

उत्तर त्यांनी बाईच्या पोटात शोधलं. पोटुशा बाया मोजल्या, त्या काय खातात ते लिहिलं, मूल जन्मलं की त्याचं वजन घेतलं. शिवाय त्यांच्याकडे एक चिमटा होता. तान्ह्या पोराच्या खांद्यामागची कातडी त्यात अलगद धरायची आणि आतली चरबी किती ते बघायचं. गावानं त्यांचं नाव चिमटेवाला डॉक्टर पाडलं. इंदुबाईची सासू बायजाबाई तर तोंडावर म्हणाली, "सगली दुनिया पोराचं तोंड बगते, ह्यो बाबा चरबी बगतो." डॉक्टर हसले आणि त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं. ऐकलेलं काही सोडायचं नाही, अशी त्यांची खोड.

निघालं ते असं. पोरं जन्मत दोन-सव्वादोन किलोची, हातपाय काड्यांसारखे, पण अंगावर चरबी गुटगुटीत पोरांइतकीच. आईच्या पोटात ज्याला पुरेसं मिळत नाही ते शरीर जन्माआधीच धसका घेतं, मिळेल ते चरबी करून साठवत सुटतं, आणि पुढं वेळेवर भात आणि कंपनीचा गोड चहा सुरू झाला की ऐन पंचविशीत त्याचा हिशेब चुकतो. आज जगभरचे डॉक्टर हे शिकतात. ते शिकले ते खारेपाटातल्या काड्यांसारख्या पोरांच्या अंगावर, एवढं ध्यानात असू द्या.

आता लाडवाचं.

सरकारची त्या काळात खाडीकाठच्या गावांत एक योजना होती. पोटुशी बाईला रोज एक लाडू. नाचणी, शेंगदाणे, तीळ, आणि वाळवून कुटलेला माठाचा पाला. योजनेचा उपयोग होतो का, ते तपासायचं काम डॉक्टरांकडं आलं. त्यांनी दोन जातींचे लाडू केले. हिरव्या कागदातला पाल्याचा, तांबड्या कागदातला नुसत्या पिठाचा. कुठल्या कागदात कुठला ते बायांना सांगायचं नाही. इंदुबाईनं दुपारी मिठागरावर जायचं, ज्या बाईच्या नावावर जो कागद त्यातला लाडू तिला द्यायचा, तिनं तो समोर खायचा आणि कार्डावर लिहायचं: समोर पूर्ण खाल्ला, होय की नाही.

हे कार्ड तयार करणाऱ्यानं मिठागराचा बांध कधी पाहिला नव्हता.

बांधावर दुपारी फडक्यातली भाकर सोडली की ती सगळ्यांची. कुणाचं कालवण, कुणाची सुकट, कुणाचा नुसता कांदा, सगळं एका फडक्यावर. त्यात पोटुशी बाईनं एकटीनं काही खाणं म्हणजे पाप. एकटीनं खाल्लेलं पोराला लागत नाही, वर दहा जणींची नजर लागते ती वेगळीच. लाडू हातात पडला की बाई पहिली त्याचे चार तुकडे करायची. एक शेजारणीला, एक सासूला, एक कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या नवऱ्याला. उरला तो तिचा. आणि वाटता वाटता हिरवा कुठला, तांबडा कुठला, हेही फडक्यावर एक होऊन जायचं.

इंदुबाईनं पहिल्या आठवड्यात खरं लिहिलं. नाही, नाही, नाही. शनिवारी केंद्राचा तपासनीस आला. त्यानं कार्डं चाळली आणि सांगितलं की ज्यांचं नाही येईल त्या बाया अभ्यासातून बाद, त्यांचा लाडू बंद. त्यात त्याचंही काही चुकलं नव्हतं, त्याला नेमून दिलेलं तेवढंच. सोमवारी इंदुबाई बांधावर उभी राहिली. समोर अठरा बाया. अठरा लाडू बंद म्हणजे सत्तर तोंडांचा घास बंद. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि होयवर खूण केली. मग रोजच केली. दोन वर्षं केली.

त्यात एक कार्ड तिचं स्वतःचंही होतं. पहिल्याच हंगामात ती पोटुशी होती. तिच्या लाडवातला अर्धा बायजाबाईच्या तोंडात जायचा, पाव नवऱ्याच्या, नाथाच्या. उरल्या पावावर तिनं पूर्ण खाल्ल्याची खूण केली. पोरगा झाला, जनू. दोन किलो भरला. डॉक्टरांनी चिमटा लावला आणि आकडा वहीत गेला.

पुढं योजना बंद पडली. लाडू यायचा थांबला. का थांबला ते बांधावर सांगायला कुणी आलं नाही. सरकारी गोष्टी अशाच येतात आणि अशाच जातात, असं म्हणून बायांनी फडक्यातली भाकर सोडली. जनूला सहाव्या वर्षी मोजलं, बाराव्या वर्षी मोजलं, अठराव्या वर्षी रक्त नेलं. मग समुद्रानं बांध फोडले, अर्धी आगरं खाऱ्या चिखलात गेली, नाथाही गेला. जनू रोह्याकडच्या एका कंपनीत शिफ्टवर लागला. चोविसाव्या वर्षी साखर निघाली. कंपनीचा बूट उजव्या पायाला चावला ते त्याला कळलंच नाही, पायाला जाणीवच नव्हती. वास यायला लागला तेव्हा मोजा काढला. दोन बोटं कापावी लागली. पंचवीस वर्षांचा गडी आता ओट्यावर बसून जाळं विणायचा, आणि ते जाळं घेऊन खाडीत उतरायचं दुसऱ्यानं.

त्याची बायको रंभा. तीही त्याच अभ्यासातली पोर, तिलाही चिमटा लागलेला. ती हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. पाचवा महिना सरत आलेला, वजन एकोणचाळीस किलो. तिची मनगटं बघितली की इंदुबाईला जनूचे जन्मातले हातपाय आठवत. पोटात आहे ते दुसरा जनू होऊन येणार, हे कळायला तिला डॉक्टर नको होता. तिनं पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या पोटी ते बघितलं होतं.

ती आरोग्य केंद्रात गेली. तिथला डॉक्टर नवा, कोवळा, पण बोलायला बरा. इंदुबाईनं विचारलं, आमच्या वेळचा तो लाडू परत नाय का सुरू करता येणार? एवढ्या पोरी पोटुशा हायत. त्यानं कपाटातून जुनी फाईल काढली आणि तिच्यासमोर धरली. त्यात लिहिलं होतं: सदर अभ्यासाअंती पूरक आहाराचा नवजात बालकांच्या वजनावर कोणताही परिणाम आढळून येत नसल्याने योजना बंद करण्यात येत आहे.

"तुमच्या शरीफ सरांचाच अभ्यास आहे हा, मावशी," तो म्हणाला. "आम्हाला कॉलेजात शिकवतात. पाल्याचा लाडू घेतलेल्या बाया आणि नुसत्या पिठाचा घेतलेल्या बाया, फरक शून्य. सगळ्या कार्डांवर पूर्ण खाल्ला म्हणून खूण आहे."

इंदुबाई खुर्चीला धरून उठली. लाडू बंद होऊ नये म्हणून तिनं ज्या खुणा केल्या, त्याच खुणांनी लाडू बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती रामवाडीला एसटीत बसली आणि नागोठण्यावरून रोह्याला उतरली. दार हुस्नबानोनं उघडलं, डॉक्टरांच्या बायकोनं. वीस वर्षांनी बघत होती तरी ओळखलं. म्हणाली, "इंदू ना गो तू? किती वालली." आत खुर्चीत डॉक्टर बसले होते. ऐंशीच्या घरातले. कान गेलेले. भिंतीवर मानाची पत्रं टांगलेली, परदेशी लिपीतली, आणि कपाटात काचेमागं तो चिमटा.

"डॉक्टर, मी खोट्या खुणा केल्या."

त्यांना ऐकू गेलं नाही. तिला तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. अशी वाक्यं मोठ्यानं म्हणायची नसतात. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले.

तिला वाटलं, अजूनही ऐकू गेलेलं नाही. पण गेलं होतं. ते सावकाश बोलायला लागले. माणूस खोटं लिहील, रक्त लिहीत नाही. हिरव्या कागदाच्या बायांच्या रक्तात पाल्याचं जे उतरायला हवं होतं ते उतरलंच नव्हतं. तेव्हा ते एक दिवस न सांगता बांधावर आले होते. इंदुबाई दुसऱ्या आगरावर गेली होती. बायजाबाईनं लाडू मोडला आणि एक तुकडा त्यांच्याही हातावर ठेवला.

"मी खाल्ला तो," डॉक्टर म्हणाले. "नाही म्हणता आलं नाही. तेव्हा मला कळलं, तू काय करत होतीस ते. तू माझी फसवणूक नव्हती केलीस, इंदू. मी दिलेला लाडूच लहान होता."

ते सगळं त्यांनी अहवालात लिहिलं होतं. एकोणचाळिसाव्या पानावर. बाया लाडू वाटून खातात, तो पोटुशीच्या पोटात पोचतच नाही. म्हणून लाडवाचा गुण आहे की नाही, हे या अभ्यासावरून सांगता येणार नाही. आधी घरातल्या सगळ्यांना पुरेल इतकं द्या, मग मोजा. अहवाल वर गेला. छापून आला तेव्हा ते पान नव्हतं. ज्यांना एका बाईला लाडू देणं झेपत होतं, पण अख्ख्या घराला देणं नको होतं, त्यांनी ते काढलं.

"मग तुमी बोललात का नाय?"

डॉक्टरांनी खिडकीकडे बघितलं. पोरं तेव्हा सहा वर्षांची होत आली होती. त्यांना पुन्हा मोजायची परवानगी त्याच खुर्चीच्या सहीनं यायची होती. ते गप्प राहिले. परवानगी आली. त्या मापांतून जे निघालं त्यानं जगातली पुस्तकं बदलली.

"मी म्हटलं, निदान मोजणी तरी सुटू नये."

"मोजणी नाय सुटली," इंदुबाई म्हणाली. "माझ्या जनूच्या पायाची बोटं बी आता मोजायला सोपी झालीत. तीनच हायत."

हुस्नबानो चहाचा कप घेऊन उंबऱ्यात आली होती. ती तिथंच थांबली. विद्वान माणूस गप्प राहतो तेव्हा लोक त्याला नम्र म्हणतात. इंदुबाई पंचवीस वर्षं गप्प राहिली, तिला कुणी नम्र म्हटलं नाही. आणि तिनं गप्प राहून निदान सत्तर तोंडं दोन वर्षं जगवली होती. यांच्या गप्प राहण्यानं काय जगलं, ते भिंतीवर टांगलेलं होतं.

शेवटी त्यांनी बायकोला पत्र्याची पेटी काढायला सांगितली. पेटीत टंकलेल्या अहवालाची कार्बन प्रत होती, पिवळी पडलेली. एकोणचाळिसावं पान त्यात होतं. इंदुबाई म्हणाली, तुमीच चला माझ्यासंगं पेणच्या कचेरीत. डॉक्टर म्हणाले, जिना चढवत नाही. मग त्यांनी पानाखाली सही केली, आजची तारीख घातली. चिखलावर खेकडा चालून गेल्यासारखी सही उमटली. तिनं पान पदरात बांधलं. चहा तसाच राहिला.

पेणची ती कचेरी तुम्हाला ठाऊक आहे. तुमचीच आहे. तिथल्या काळुराम नावाच्या कारकुनानं छापील अहवाल काढून बघितला आणि म्हणाला, पानाचा आकडा टाकायला चुकला असेल, बाई, मजकूर बरोबर आहे. इंदुबाईनं पदराची गाठ सोडून पान पुढं ठेवलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ते दोन बोटांत धरून आत नेलं. आतून साहेबांनी तिला बोलावलं. बसा म्हटलं नाही.

साहेबांनी तिला फार सरळ समजावून सांगितलं. हे पान खरं धरायचं तर तिची कार्डं खोटी. म्हणजे तिनं सरकारी अभ्यासात लबाडी केली. तसं ती लिहून देणार आहे का? पुढं काय होईल त्याचा विचार करून सांगा.

त्यांना वाटलं बाई घाबरेल. एवढ्यावर माणसं घाबरतात, हे त्यांनी नोकरीभर बघितलं होतं.

"लिवते," इंदुबाई म्हणाली. "पेन द्या."

बाहेरच्या बाकड्यावर बसून तिनं लिहिलं. अक्षर अजून सातवीतलंच होतं, गोल आणि सुटं. मी इंदुबाई. मी कार्डांवर पूर्ण खाल्ला अशा खुणा केल्या. कुणीही लाडू पूर्ण खाल्ला नाही. माझ्या कार्डावर पण नाही. लाडवाचा दोष नाही. ही माझी जबानी घ्यावी आणि लाडू सुरू करावा, सगळ्यांना पुरेल असा.

ती कागद घेऊन उभी राहिली आणि मग गंमत झाली. तिची जबानी कुणी घेईना. घेतली तर शिक्का मारावा लागला असता. शिक्का मारला असता तर पान आहे असं ठरलं असतं. काळुराम म्हणाला, साहेब बाहेर गेलेत. सोमवारी या. सोमवारी ती गेली. पुढच्या सोमवारीही गेली. तिसऱ्या सोमवारी त्यानं तिच्याकडं न बघता पाण्याचा ग्लास सरकवला. एवढीच त्या कचेरीत माणुसकी शिल्लक होती, आणि तीही सरकवून दिलेली.

मधल्या काळात तिनं घरीच लाडू करायला घेतला. नाचणी होती, शेंगदाणे आणले, परसातला माठ वाळवला. रोज सकाळी रंभाच्या डब्यात एक लाडू घालायची आणि संध्याकाळी डबा उघडून बघायची. डबा चाटूनपुसून रिकामा. पंधरा दिवसांनी तिनं रंभाचं वजन करवलं. एकोणचाळीस होतं ते एकोणचाळीसच. पोट वाढत होतं, पोर मात्र झिजत होती.

"लाडू खातेस ना गो?"

"खाते की."

"सगला?"

रंभा चुलीकडे तोंड करून बसली होती. हातावर गणपतीचा गुलाबी रंग, कोपरापर्यंत.

"कारखान्यात आमी पाचजणी, आई," ती म्हणाली. "त्यातल्या दोघी माझ्यासारख्याच पोटुशा. एकटीनं कशी खाऊ?"

इंदुबाईनं डब्याचं झाकण लावलं. तिला ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? पोरगी वाईट वागली नव्हती. पोरगी बायजाबाईसारखी वागली होती, तिच्यासारखी वागली होती, बांधावरच्या प्रत्येक बाईसारखी वागली होती. ओट्यावर जनूचा हात जाळ्यावर थांबला होता. आपण कसे घडलो ते त्यानं त्या एका वाक्यात ऐकलं, आणि पुन्हा गाठ मारायला घेतली.

पुढच्या सोमवारी इंदुबाई कचेरीत गेली ती रंभाला घेऊन. सातवा लागला होता. दोघी बाकड्यावर बसल्या. बारा वाजता रंभानं डबा उघडला, लाडू मोडला. एक तुकडा सासूला दिला. एक बाकड्यावर बसलेल्या अनोळखी बाईला. एक उठून काळुरामच्या टेबलावर ठेवला. त्यानं आधी आतल्या दाराकडे बघितलं, मग खाली मान घालून खाल्ला. उरला तो तिचा.

हे आता मी तुम्हाला सांगितलंय, म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय उरलेली नाही. तुमच्या टेबलावरही तो तुकडा आलाय असं समजा. सही केलेलं पान तुमच्या आतल्या खोलीत गेलंय, ते अजून बाहेर आलेलं नाही. जबानी बाकड्यावर बसून आहे. पोटातलं पोर मात्र तुमच्या सोमवारांसाठी थांबणार नाही. तीन महिन्यांत ते जन्मेल आणि कुणीतरी त्याला चिमटा लावायला नक्की येईल, कारण मोजणी कधी बंद झालेली नाही. बंद झाला तो घास.

ज्या दिवशी तुम्ही ते पान काढलंत, त्या दिवशी ते वाचून काढलंत की न वाचताच?

आणि आता कुठं आहे ते? सांगा. इंदुबाई बसलीय.